कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडा

मुंबईत पसंत केलेली जुनी प्रीमियर पद्मिनी ट्रकवरून भोपाळच्या शिवाजी नगरात उतरते आणि सहा नंबरच्या बाजारापर्यंत जातानाच झटके खाऊ लागते. भोवती जमलेल्यांचं निदान ठरलेलं: "कार्बोरेटर में कचरा है।" कधी कधी असतोही. पण ठिणगीचा दोष आणि पेट्रोलचा दोष बाहेरून अगदी सारखे दिसतात, म्हणून कार्बोरेटरला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीत फियाट ११००चं इंजिन आहे: १०८९ सीसी, चार सिलिंडर, फायरिंगचा क्रम १-३-४-२. सेन्सर एकही नाही, त्यामुळे जवळजवळ सगळं घरच्या अंगणात तपासता येतं.

आधी चारही प्लग काढून क्रमाने मांडा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरट टोक म्हणजे कमी. तेलकट ओल म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेले. एकच प्लग वेगळा दिसला तर कार्बोरेटर बहुधा निर्दोष, कारण तो चौघांना मिळून एकच आहे. प्लग निघालेच आहेत तर कम्प्रेशनही मोजून घ्या. एखादा सिलिंडर कमी भरला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर हेड गास्केटवर संशय घ्यावा. इथे दोष निघाला तर पुढचं ट्यूनिंग म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय.

मग डिस्ट्रिब्युटर. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर नुसते घासून भागत नाही, कंडेन्सरही बदलावा लागतो. फीलर गेजने गॅप लावा आणि त्यानंतरच टायमिंग बघा. गॅप हलली की टायमिंगही हलतं. हा क्रम उलटा करणारे मेकॅनिक मी बरेच पाहिले आहेत.

आता पेट्रोल. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज असतो, पंपाचा डायफ्राम कडक झालेला असतो. टाकी धुवा, फिल्टर आणि रबरी नळ्या बदला. एवढं झाल्यावर सोलेक्स कार्बोरेटर उघडावा. फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलेला. नीडल व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर ओव्हरफ्लो होतो. जेट हवेने फुंकून साफ करा, तार घालू नका. जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, ११५ म्हणजे १.१५ मिमी, तारेचा एक ओरखडाही हे माप बिघडवतो. थ्रॉटलची दांडी बोटाने हलवून बघा. ती डुगडुगत असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही. लेथवर बुश बसवून घेणं हाच उपाय.

जोडणी झाल्यावर इंजिन चांगलं गरम होऊ द्या. मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन सुमारे दीड फेरा बाहेर काढा. मग इंजिन अडखळेपर्यंत आत, आणि सर्वांत सुरळीत चालेल तिथपर्यंत बाहेर. शेवटी आयडल स्क्रूने वेग उतरवा.

मे महिन्याच्या उन्हात गाडी सिग्नलवर बंद पडली तर एअर फिल्टर काढून, इंजिन बंद असतानाच, थ्रॉटल हाताने ओढा. आत पेट्रोलची पिचकारी उडाली तर पेट्रोल पोचतंय. कॉइल आणि कंडेन्सर तपासा. पिचकारी नसेल तर पंपात किंवा नळीत वाफ अडली आहे. नळी एग्झॉस्टपासून दूर वळवून घ्या.

राहिला प्रश्न जेट बदलण्याचा. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच असल्याने हवा मुंबईपेक्षा जवळपास पाच टक्के विरळ. त्याने मिश्रण जरा जाड होतं. उलट हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ते पातळ होतं, आणि हा परिणाम उंचीपेक्षा मोठा आहे. चढावर गाडी दम टाकत असेल, प्लग पांढरे येत असतील आणि कुठूनही हवा गळत नसेल, तरच मेन जेट एका मापाने मोठा घाला. त्याच दिवशी दुसरं काहीही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.