पडत्या काळासाठी घरची बेगमी

सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), बीड, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) या भागांतील वयोवृद्ध माणसे अजूनही जुन्या गोष्टी सांगताना 'बहात्तरच्या आधी' आणि 'बहात्तरनंतर' असा भेद करतात. १९७२ साली पावसाने दगा दिला, त्यापूर्वीची दोन वर्षेही बेताचीच गेली होती, आणि १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लक्ष माणसे खडी फोडीत व माती वाहत होती. परदेशातून आलेला मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांवर घरेच्या घरे तगली. सरकारी कामांमुळे माणसांचे प्राण वाचले, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु पुढच्या वर्षी पाऊस पडला तेव्हा अनेकांच्या दावणीला बैल नव्हते आणि कणगीत बी नव्हते. दुष्काळ संपला तरी त्या घरांची ओढाताण संपली नाही. घरची बेगमी करताना हे ध्यानात ठेवावयाचे असते. संकटाच्या दिवसांत तग धरणे आणि संकट सरल्यावर पुन्हा उभे राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संकट अवर्षणाचेच येते असे नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठची वस्ती काही तासांत पाण्याखाली गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरातील गावे झोपेतच कोसळली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. २०२० च्या मार्चमध्ये तर आभाळ स्वच्छ, रान पिकलेले आणि बाजार मात्र बंद, असा प्रकार आपण सर्वांनी पाहिला. या सर्व प्रसंगी एक गोष्ट समान होती. रस्ता, वीज, बाजार व कचेरी यांपैकी काही तरी, कधी सर्वच, काही काळ थांबते. मदत येते, पण ती येईपर्यंतचे दिवस घराला स्वतःच्या बळावर काढावे लागतात.

असे दिवस आपले घर किती काढू शकेल, याचा हिशेब फारच थोड्या घरांत झालेला आढळतो. हिशेब अवघड नाही. दोन कर्ती माणसे, एक म्हातारे माणूस व दोन मुले असे घर धरले, तर ज्वारी, बाजरी, गहू मिळून रोज सुमारे दोन किलो धान्य लागते. म्हणजे तीन महिन्यांस एकशेऐंशी किलो आणि वर्षास सुमारे सव्वासात क्विंटल. माणशी पन्नास ग्रॅम धरल्यास डाळ रोज पाव किलो, तीन महिन्यांस साडेबावीस किलो. तेल तीन महिन्यांस आठ-नऊ किलो, मीठ पाच किलो. मिठाचा उल्लेख मुद्दाम करीत आहे. धान्याने कोठी भरलेल्या घरात मीठ मात्र दुकानातून दर आठवड्याला पुडीने येते, असे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. वर्षाचे धान्य ठेवणे सर्वांना साधणार नाही, विशेषतः ज्यांस बाजारातून विकत घ्यावयाचे त्यांना. त्यांनी निदान तीन महिन्यांचे धान्य घरात कायम राहील आणि नवे आल्यावरच जुने काढले जाईल, एवढी शिस्त ठेवावी.

धान्य वाळविणे व साठविणे

साठवणुकीत होणारे बहुतेक नुकसान खरे पाहता खळ्यावरच ठरून गेलेले असते. दाण्यात शेकडा दहा-बारा भागांहून अधिक ओलावा राहिला की बुरशी धरते, दाणा तापतो आणि सोंडे, टोके, भुंगेरे यांची पैदास झपाट्याने होते. ओलावा मोजण्याचे यंत्र घरी नसते. पण दाणा दाताखाली धरून फोडावा. 'कट्' असा आवाज होऊन दोन तुकडे झाले तर तो वाळला, चेपला गेला तर त्यास आणखी दोन-तीन उन्हे हवीत. वाळलेले धान्य तापलेलेच कोठीत ओतू नये. ते रात्री निवू द्यावे, अन्यथा कोठीच्या आतल्या बाजूस घाम सुटतो व वरचा थर कुजतो. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावी नव्या पत्र्याच्या कोठीत घरधन्याने चार क्विंटल ज्वारी माझ्यासमोर भरली. पीक अवकाळी पावसात भिजलेले होते. वाळले आहे का, हे मी विचारले. दाणा फोडून मात्र पाहिला नाही. श्रावणात कोठी उघडली तेव्हा निम्मी ज्वारी काळी पडली होती आणि दोष कोठीला दिला गेला. कोठी निर्दोष होती.

आपल्याकडील जुन्या साधनांत पेवाची बरोबरी करणारे साधन कोरड्या प्रदेशात दुसरे नाही. मुरमाड, उंच व निचऱ्याच्या जमिनीत खोदलेले, कडब्याचे अस्तर दिलेले आणि तोंड फरशीने व चिखलाने बंद केलेले पेव म्हणजे हवाबंद कोठारच होय. आत राहिलेला प्राणवायू धान्य व किडे यांच्या श्वासोच्छ्वासात संपतो व किडे गुदमरून मरतात. औषध लागत नाही. पेव एकदा उघडले की सबंध रिकामे करावयाचे असते. थोडे थोडे काढू लागल्यास हवा आत जाते व त्याचा गुण संपतो. नदीकाठी मात्र पेव धोक्याचे. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुराचे पाणी त्यांत शिरले आणि त्यांची मोठी हानी झाली.

परंतु जी हवा किड्यास मारते तीच माणसासही मारते. पेव उघडताच त्यात उतरलेला माणूस आवाजही न करता कोसळतो, आणि त्यास काढावयास उतरलेला दुसराही तेथेच पडतो. अशा दुर्घटना दर काही वर्षांनी घडतात. विषारी वायू जड असल्याने तळाशी बसलेला असतो व त्यास वास नसतो. तोंड उघडून निदान एक दिवस व एक रात्र तसेच ठेवावे. नंतर पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडावा. तो विझला तर कोणीही उतरू नये. जळत राहिला तरी उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधून वर दोन धडधाकट माणसे उभी ठेवावीत. आत कोणी पडलाच, तर त्यास दोराने ओढावे, मागोमाग उडी घेऊ नये.

पेव नसेल तेथे पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी उत्तम. कणगी वापरावयाची तर शेणमातीने आतून-बाहेरून लिंपून, भेगा बुजवून व जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी. डाळींना भुंगेरा लवकर लागतो. किलोस एक लहान चमचा गोडेतेल चोळून ठेवल्यास त्याची अंडी वाढत नाहीत. आपल्या आजी हे करीत होत्या आणि आजच्या प्रयोगांतही ते खरे ठरले आहे. धुरी देण्याच्या विषारी गोळ्या मात्र घरात कदापि आणू नयेत. त्यांपासून निघणारा वायू भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलीत निजलेल्या मुलांपर्यंत जातो. त्यांचा वापर प्रशिक्षित व परवानगी असलेल्या माणसांनीच, राहत्या घराबाहेरच्या कोठारात करावयाचा, असा नियम आहे.

ज्या भागात अद्याप दगडमातीची माळवदाची घरे आहेत तेथे पोती माळ्यावर चढवू नयेत. किल्लारीला माणसे दगावली ती मुख्यत्वे जाड भिंती व छपरावरील मातीचा भार अंगावर आल्यामुळे.

बियाणे व वैरण

खावयाचे धान्य संपले तरी बियाण्यास हात लावावयाचा नाही, असा निर्धार उपाशी मुलांसमोर टिकत नाही. तो टिकावा यासाठी बी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या खोलीत आणि शक्य तर दोन घरांत विभागून ठेवावे. ज्वारीचे बी नीट वाळवून ठेवल्यास दोन-तीन वर्षे उगवते. भुईमूग शेंगेतच ठेवावा. सोयाबीनचा भरवसा एका हंगामापलीकडे धरू नये. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी.

औषध लावलेले बी मात्र खाण्याच्या धान्याजवळही ठेवू नये. १९७१ च्या अखेरीस इराकमध्ये पाऱ्याचे औषध लावलेला बियाण्याचा गहू परदेशातून आला. तो गावोगाव पोहोचला तेव्हा कित्येक ठिकाणी पेरणी उरकली होती आणि आधीचे साल दुष्काळाचे होते. बियाण्यास लाल रंग दिलेला होता, धोक्याची सूचना परकीय भाषेत होती. लोकांनी गहू धुतला, रंग गेला, म्हणून विषही गेले असे समजून त्याच्या भाकरी केल्या. विषाची लक्षणे काही आठवड्यांनी दिसू लागली. सहा हजारांहून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले व नोंदलेले मृत्यूच साडेचारशेंवर होते. पाऱ्याची ती औषधे आज आपल्याकडे वापरात नाहीत, पण बियाण्याच्या पिशवीतील रंगीत दाणा विषारी असतो ही गोष्ट घरातील प्रत्येक बाईमाणसास व मुलास ठाऊक असली पाहिजे.

एका बैलजोडीस रोज सुमारे पंधरा किलो कोरडी वैरण धरावी. फाल्गुनापासून पाच महिन्यांस साडेबावीस क्विंटल आणि पाऊस दोन महिने लांबला तर साडेएकतीस. कडबा कुट्टी करूनच घालावा. सबंध ताटे टाकल्यास बराच भाग पायदळी जातो. पावसाने ओढ दिल्यावर सुकत चाललेली कोवळी ज्वारी हिरवी दिसते म्हणून जनावरांस सोडू नये, तीत विष तयार झालेले असते.

माणसांच्या बाबतीतही पडत्या काळचे सर्वच खाणे निरुपद्रवी नसते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे लाखेची डाळ कोरड्यातही पिकते आणि म्हणून टंचाईत स्वस्त मिळते. ती अधूनमधून खाण्याने बाधत नाही. पण दोन-तीन महिने तिच्यावरच भागविल्यास पायांतील शक्ती जाते व ती परत येत नाही. खावीच लागली तर गरम पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, ज्वारी-तांदळात थोडीशी मिसळून खावी.

पाणी, पैसा व शेजार

पाण्याचा किमान हिशेब पिणे, स्वयंपाक व धुणे धरून माणशी रोज पंधरा लिटर असा ठेवावा. पुरानंतर विहिरीतील पाणी उपसून, दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर टाकावी व तासाभराने वापरावे. ज्या घरी ती नाही तेथे उकळणे हाच उपाय.

विकण्याची वेळ आली तर काय आधी विकावे, हेही शांतपणी ठरवून ठेवण्यासारखे आहे. बाजार कोसळलेला असताना सर्वजण एकदमच जनावरे बाजारात आणतात आणि बैल मातीमोलाने जातो. पाऊस पडताच तोच बैल घेण्यास दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागतात. म्हणून भाकड जनावरे व कोंबड्या-शेळ्या टंचाईची चाहूल लागताच, भाव असतानाच काढाव्यात. औताचे बैल, दुभती गाय व जमीन ही अखेरपर्यंत राखावीत.

गावात एकाच घराची कोठी भरलेली आणि भोवती चुली थंड, अशी स्थिती त्या घरालाही सुरक्षित नसते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठार दुष्काळात लोकांसाठी खुले केल्याची कथा आपण सर्व ऐकत आलो आहोत. कोठार बादशाहाचेच असावे लागते असे नाही. सुगीत दर घरामागे दहा-वीस किलो ज्वारी गोळा करून ती ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या जागेत साठविता येते, पावसाळ्यात उसनी देता येते आणि पुढील सुगीस थोड्या वाढीसह परत घेता येते. हिशेब भिंतीवर लिहावा. माझ्या पाहण्यात अशी कोठारे कीड लागून क्वचितच बंद पडली. हिशेब एकट्याच्याच वहीत राहिल्यामुळे मात्र पडली.

शेवटी गाठोड्याविषयी. सातबारा, शिधापत्रिका, आधार व बँकेचे पुस्तक यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत, थोडी रोकड, विजेरी, काडेपेटी, नेहमीची औषधे, मीठ-साखरेची पुडी, दोन दिवसांचे भाजलेले पीठ व शेंगदाणे एवढे एका पिशवीत बांधून दाराजवळच्या खुंटीस अडकवावे. दर तीन महिन्यांनी पीठ बदलावे व विजेरीचे सेल तपासावेत. रात्री अंधारात ही पिशवी घरातील धाकट्या मुलासही हाताने सापडते का, हे एकदा करून पाहावे.