क्राऊनचे तेल : ९० की १४०?

बैलगाडी ज्यांनी हाकली आहे, त्यांना वंगण म्हणजे काय हे सांगायला नको. गाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असायची. लांबच्या वाटेला निघायचे असले की गाडीवान आधी आसाला वंगण द्यायचा आणि मगच बैल जुंपायचा. वंगण आटले की चाक कुरकुरायचे. गाडी दिसायच्या आधी घरच्यांना कळायचे, धनी आले!

पिकअप गाडीचा आस मात्र लोखंडी नळीत बंद असतो. आत तेल आहे की नाही, कसले आहे, बाहेरून काही दिसत नाही. ही गाडी कुरकुरू लागते, तेव्हा बहुतेक वेळ निघून गेलेली असते.

मागच्या आसाच्या मधोमध भोपळ्यासारखा फुगीर भाग दिसतो. गॅरेजमध्ये त्याला क्राऊन म्हणतात. आत दोन दातेरी चाके असतात. मोठे ते क्राऊन आणि लहान ते पिनियन. इंजिनचा सगळा जोर पिनियनच्या दातांवरून क्राऊनला आणि तिथून मागच्या चाकांना जातो. पुष्कळशा पिकअपमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा जरा खाली बसवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतातही. पाट्यावर वरवंटा घासतो ना, तसे. वरवंट्यावर जितका जोर द्याल, तितका खालचा थर पातळ होतो. तेलाचेही तसेच आहे.

आता गाडीमागे ट्रॉली जोडा, मळणी यंत्र जोडा, नाहीतर काँक्रीटचा मिक्सर जोडा आणि घाट चढायला लागा. दातांवर दाब वाढतो. दाबाने आणि घासण्याने तेल तापते. तापलेले तेल पातळ होते. म्हणजे थर जाड हवा तेव्हाच तो पातळ होतो! थर तुटला की लोखंडाला लोखंड लागते आणि दात खरवडतात.

आमच्या ओळखीच्या एका मिक्सरवाल्याचे असेच झाले. घाटात मागून घूं घूं आवाज येऊ लागला. तो तसाच पुढे गेला. वर पोचेपर्यंत दात गेले. त्या दिवशी ज्याच्या घराचा स्लॅब होता त्याचे मजूर बसून राहिले. गाडीवर कर्ज, हप्ता तोंडावर.

मिस्त्रीने विचारले, "दादा, तेल कोणतं होतं?"

"तेल म्हणजे तेल. सुटं मिळालं, घातलं."

"डब्यावर काय लिहिलं होतं?"

डबाच नव्हता, तर सांगणार काय?

तुम्हाला आता वाचता येते. तेव्हा डबा हातात घ्या आणि त्यावरच्या दोन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट आकड्यांची. ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० असे काहीतरी लिहिलेले असते. डब्ल्यू हे अक्षर थंडीचे. त्याच्या आधीचा आकडा सांगतो की तेल किती थंडीपर्यंत चालेल. ८५ चे तेल शून्याखाली १२ अंशांपर्यंत चालते, ८० चे शून्याखाली २६ पर्यंत. आपल्याकडे निफाडची थंडी नावाजलेली, पण तिथेही पारा इतका उतरत नाही. म्हणून पहिल्या आकड्याची आपण फारशी काळजी करू नये. खरे काम मागच्या आकड्याचे. तेल तापल्यावर किती दाट राहते ते तो सांगतो. ९० पेक्षा १४० दाट. (इंजिनच्या ऑइलवर ४० असते, म्हणून ९० त्याच्या दुप्पट दाट असे समजू नका. ती मापे वेगळी. आणि म्हणून काही इंजिनचे ऑइल क्राऊनमध्ये ओतायचे नाही.)

दुसरी गोष्ट जीएल या अक्षरांची. त्यापुढे ४ किंवा ५ असते. घसरत्या दातांच्या क्राऊनला ५ लागते. त्यात गंधक आणि फॉस्फरसची औषधे घातलेली असतात. तेलाचा थर तुटायला आला, की ही औषधे दातांवर आपला लेप धरतात. या तेलाचा उग्र वास येतो तो त्यामुळेच. मात्र गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या असतात. यातली काही तेले पितळ खातात. गिअरबॉक्सला ४ सांगितले असेल तर ४ च घाला. उरलेले तेल वाया जाऊ नये म्हणून इकडचे तिकडे करू नका.

मग ९० घ्यावे की १४०? आधी गाडीबरोबर मिळालेले पुस्तक काढा. त्यात एकच आकडा असेल तर तोच खरा. दोन्ही चालतात असे असेल, तर रोज ओझे ओढणाऱ्याने, घाटातल्याने १४० घ्यावे असे मला वाटते. महिन्यातून एखाद्या वेळी ओढणाऱ्याला ९० पुरे. उगाच दाट तेल घातले तर इंजिनला जोर जास्त लागतो आणि डिझेल जळते. सिंथेटिक तेल महाग पडते, पण ते तापल्यावर कमी पातळ होते. सिंथेटिक म्हणजे नकली नव्हे, कारखान्यात घडवलेले. आणि तेल कितीही भारी घातले, तरी पुस्तकात दिलेल्यापेक्षा जास्त वजन ओढायची परवानगी मिळत नाही!

तेल भरताना गाडी सपाट जागी उभी करा. भरायच्या भोकातून तेल बाहेर येऊ लागले की थांबा. जास्त भरले तर फेस होतो, सील गळते आणि तेल ब्रेकवर जाते. आसाच्या वर श्वासाची बारीक नळी असते. ती चिखलाने बुजली तरी गळती होते. ओढ्यातून गाडी घातली असेल तर तेल तपासा. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, ते बदलाच. ओझे ओढणाऱ्या गाडीचे तेल इतरांपेक्षा लवकर बदलावे लागते. काढलेल्या तेलात लोखंडाचे कीस दिसले, तर नवे तेल ओतायच्या आधी मिस्त्रीला दाखवा.

मागच्या ट्रॉलीला बहुतेक कोणी विचारत नाही. तिच्या चाकांना ग्रीस लागते, आणि ते वेळेवर लागते. पहिल्या आठदहा किलोमीटरवर थांबा. चाकाच्या तुंब्याजवळ हाताची मागची बाजू न्या. एक तुंबा दुसऱ्यापेक्षा फार गरम लागला, तर तिथले ग्रीस संपले आहे किंवा बेअरिंग आवळले गेले आहे. चाक खोलूनच पुढे निघा.