निवडुंगाचा शत्रू : एक चिमुकला पतंग

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना, पॅराग्वे, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझील या प्रदेशांत फड्या निवडुंगावर जगणारा एक लहानसा पतंग आढळतो. ‘कॅक्टोब्लास्टिस कॅक्टोरम’ हे त्याचे शास्त्रीय नाव होय. इ.स. १८८५ मध्ये कार्लोस बर्ग या कीटकशास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले.

या पतंगाचे रूप अगदी साधे असते. पसरलेल्या पंखांचा विस्तार सुमारे २ ते ३.५ सेंमी. भरतो; मादी नरापेक्षा मोठी असते. पुढील पंख करड्या-तपकिरी रंगाचे असून त्यांवर गडद ठिपके व नागमोडी रेषा असतात. मागील पंख पांढुरके असून कडेकडे धुरकट होत जातात. पाय व शृंगिका लांब असतात. मादीच्या डोक्यापुढे चोचीसारखा भाग आलेला दिसतो. प्रौढ पतंग काही खात नाही व थोडेच दिवस जगतो.

त्याची अंडी व अळ्या मात्र लक्षवेधक असतात. मादी ७० ते ९० अंडी एकावर एक रचून त्यांची कांडी निवडुंगावर चिकटविते. ही कांडी हुबेहूब काट्यासारखी दिसते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या एकत्र येऊन फडाची जाड साल पोखरतात व आत शिरून गर खातात. वाढलेली अळी नारिंगी-तांबडी असून तिच्या अंगावर काळे पट्टे असतात. शेवटी ती झाडाच्या बुडाशी पाचोळ्यात पांढरा रेशमी कोश विणते.

या अळीची भूक मानवाच्या कामी आली. ऑस्ट्रेलियात बाहेरून आणलेल्या निवडुंगाने १९२५ पर्यंत सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन व्यापली होती. शेतकरी शेते सोडून जात होते. त्या वर्षी ॲलन डॉड यांनी अर्जेंटिनाहून सुमारे २,७५० अंडी आणविली. त्यांच्या संततीने १९३३ पर्यंत बहुतेक निवडुंग नष्ट केला. बूनार्गा येथील शेतकऱ्यांनी १९३६ मध्ये या कीटकाच्या नावाने स्मारक सभागृह उभारले.

परंतु अळीला उपद्रवी निवडुंग व उपयुक्त निवडुंग यांतील भेद कळत नाही. १९५७ मध्ये हा पतंग कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस बेटावर सोडण्यात आला. १९८९ मध्ये तो फ्लोरिडात आढळला. तेथील दुर्मिळ निवडुंगांना त्याने धोका निर्माण केला. मेक्सिकोत तर निवडुंग हे लोकांचे अन्न आहे. २००६ मध्ये तेथील एका बेटावर पतंग दिसताच त्याचे निर्मूलन करावे लागले.

एका देशात उपकारक ठरलेला जीव दुसऱ्या देशात अपायकारक ठरू शकतो. म्हणून परका कीटक सोडण्यापूर्वी तो आणखी काय खाईल आणि कोठवर पोहोचेल, याचा विचार अवश्य केला पाहिजे.