न सांगितलेले दुखणे आणि त्यावरील व्यायाम

खोकला आला, शिंक आली, हळदीचे पोते उचलले, की नकळत थोडी लघवी सुटते. हिंगोली असो वा वसमत, अशी तक्रार असणाऱ्या स्त्रिया गावोगाव आहेत. पण ती जावेला सांगत नाहीत, मग डॉक्टरांना कोठून सांगणार? ‘बाळंतपणानंतर असे व्हायचेच’ ही समजूत.

या मौनाचे मोजमाप आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. ती १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ती सर्वच स्त्रीविकारांची होती. शेकडा ९२ जणींना कोणता ना कोणता विकार निघाला. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या शेकडा ८.

आता कारण पाहू. ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय तिच्यावर विसावतात आणि मूत्रमार्ग तीच आवळून धरते. बाळंतपणे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, स्थूलपणा व वाढते वय यांनी ती सैल पडते. परंतु स्नायू व्यायामाने बळकट होतो, हा नियम येथेही लागू आहे. अमेरिकन डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हेच दाखविले.

व्यायाम असा: मूत्राशय रिकामे करून बसावे किंवा उताणे निजावे. वायू व लघवी रोखून धरावी तसा तो भाग आत, वर ओढावा. काही सेकंद धरून तितकाच वेळ सैल सोडावा. श्वास कोंडू नये. मांड्या व नितंब आवळू नयेत. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. शिंकण्यापूर्वी व ओझे उचलण्यापूर्वीही आवळावे. लघवी करताना धार तोडून सराव मात्र करू नये. योग्य स्नायू आवळला जातो की नाही, हे भौतिकोपचारतज्ज्ञाकडून एकदा पाहून घ्यावे.

फळ काय? २०१८ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. खोकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या शेकडा ५६ जणींनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. न करणाऱ्यांत शेकडा ६ जणींनी.

लघवीत रक्त, वेदना, अंग बाहेर येणे किंवा बाळंतपणानंतर सतत गळती असेल, तर व्यायामावर न थांबता डॉक्टरांकडेच जावे. बाकीच्यांना पैसा लागत नाही, साधन लागत नाही. लागते ते एवढेच, की हे दुखणे कोणीतरी प्रथम बोलून दाखवावे, आणि घरच्यांनी ते न हसता ऐकावे.