गुरांच्या सांथीचा नकाशा

पावसाळ्याच्या दिवसांत एखाद्या बैलाच्या अंगावर सुपारीएवढ्या गांठी उठल्या, म्हणजे मालक पहिली गोष्ट कोणती करतो? तो त्या बैलास गोठ्याच्या मागल्या अंगाला नेऊन बांधतो आणि शेजाऱ्यास कळूं नये अशी तजवीज करतो. डॉक्टरकडे तो जात नाहीं असें नाहीं. पण जातो तो चार दिवसांनीं. यांत दुष्टावा मुळींच नाहीं. दूध कोणी घेणार नाहीं, बैलास गिऱ्हाईक मिळणार नाहीं, आणि रोग प्रथम याच्याच दारीं आला म्हणून लोक बोट दाखवतील, हें भय त्याच्या मनांत असतें. त्या भयापायीं जे चार दिवस फुकट जातात, त्यांची किंमत मात्र त्याच्या एकट्याच्या नव्हे, तर साऱ्या पंचक्रोशीच्या पदरांत पडते. खाप्याच्या व्यापाऱ्यांस व सुशिक्षित नागरिकांस आज आम्ही जें सांगणार आहों, तें या चार दिवसांविषयीं आहे.

खापा हें सावनेर तालुक्यांतील, कन्हान नदीच्या कांठचें जुनें गांव. विणकरांचें गांव म्हणून त्याची ख्याति. नगरपालिका १८६७ सालची. शेजारीं गुमगांवची मँगनीजची खाण. आजच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, येथून उत्तरेस थोडक्याच अंतरावर महाराष्ट्र संपतो आणि सौंसरकडील मध्यप्रदेशी मुलूख सुरू होतो. ही हद्द कागदावरची आहे. वर्धा, नागपूर, छिंदवाडा या सलग टापूंत गवळाऊ जातीचीं पांढरीं, चपळ गुरें पूर्वापार नांदत आलीं आहेत. सोयरिकी दोन्ही बाजूंस, बाजार दोन्ही बाजूंस, आणि बैलजोडी पसंत करतांना कोणी सरहद्दीचा दगड पाहत नाहीं. मग रोगानें तरी तो कां पाहावा?

लम्पी चर्मरोग हा मूळचा आफ्रिकेंतला. १९२९ सालीं आजच्या झांबिया देशांत तो प्रथम नोंदला गेला, आणि नव्वद वर्षांनीं, २०१९ सालीं, ओडिशांत तो भारतांत प्रथम आढळला. २०२० च्या पावसाळ्यांत तो विदर्भांत येऊन गेला. मरतूक थोडी, म्हणून लोक लवकर विसरले. पुढें २०२२ सालीं राजस्थान-गुजरातकडे त्यानें हाहाकार केला, आणि त्या वर्षाच्या ४ ऑगस्टला जळगांव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यांत चिनावल येथें महाराष्ट्रांतील पहिलें जनावर आढळलें. वाचकांनीं नकाशा उघडून पाहावा. रावेर तालुका बऱ्हाणपूरच्या मुलखाला लागून आहे. म्हणजे जी जागा तिकडे रावेरची, तीच इकडे सावनेरची. महिन्याभरांत रोग इतक्या जिल्ह्यांत दिसूं लागला कीं, सप्टेंबरांत सरकारनें सबंध राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलें. गुरांचे बाजार, जत्रा, प्रदर्शनें, शर्यती, वाहतूक, सर्व एका हुकुमानें बंद! बाधित गांवाच्या भोंवतीं पांच किलोमीटरांच्या आंत टोचणी करावी ही आरंभींची योजना मागें पडली, आणि राज्यांतील सुमारें १ कोटी ४० लाख गाईबैलांस सरसकट शेळ्यांच्या देवीची लस टोचण्याची मोहीम हातीं घ्यावी लागली. मेलेल्या दुभत्या गाईमागें ३० हजार, ओढकाम करणाऱ्या बैलामागें २५ हजार व वासरामागें १६ हजार रुपये सरकारनें देऊं केले. देशभर त्या वर्षीं दीड लाखांहून अधिक गुरें मेलीं. शहरांत कोणी अफवा उठवली कीं दूध पिऊं नये. हा रोग माणसास होत नाहीं. परंतु अफवेस हें कोण सांगणार!

व्यापारीवर्गाची तक्रार त्या वेळीं अशी होती कीं, ज्या गांवांत एकही जनावर आजारी नाहीं तेथील बाजार काय म्हणून बंद? तक्रार रास्त होती. पण तिचें उत्तर देण्यास लागणारी एक वस्तु कोणापाशींच पुरेशी नव्हती, आणि ती म्हणजे खात्रीचा नकाशा. सबंध राज्य बंद करावें लागलें याचें अर्धें कारण रोगाचा वेग. उरलेलें अर्धें, आमच्या मतें, हें कीं रोग नक्की कोठें आहे आणि कोठें नाहीं, हें छातीवर हात ठेवून सांगतां येत नव्हतें. जेथें ठिकाण ठाऊक असतें तेथें पांच किलोमीटर बंद करून भागतें. जेथें तें ठाऊक नसतें तेथें पांचशें किलोमीटर बंद करावे लागतात.

हा रोग चालतो तो दोन पायांनीं, आणि ते दोन्ही सारखे नाहींत. एक पाय आंखूड आहे: चावऱ्या माशा, डास व गोचीड. यांच्या द्वारें तो एका गोठ्यांतून शेजारच्या गोठ्यांत, एका पांदींतून दुसऱ्या पांदींत जातो. दुसरा पाय लांब आहे: गाडींत भरलेलें जनावर. रोगाचें बीज शरीरांत शिरल्यापासून गांठी दिसेपर्यंत अठ्ठावीस दिवसही जाऊं शकतात. इतक्या अवधींत तें जनावर धडधाकट म्हणून विकलें जाऊन एका रात्रींत दोन जिल्हे ओलांडतें. आतां प्रत्येक आजारी जनावर तारखेसह नकाशावर मांडलें, तर हे दोन पाय निरनिराळे दिसतात. आंखूड पायाची खूण कापडावर पडलेल्या तेलाच्या थेंबासारखी. डाग हळूहळू चोहोंकडे पसरतो, हें खाप्याच्या विणकरांस सांगावयास नको. लांब पायाची खूण म्हणजे मध्यें पंचवीस गांवें कोरीं सोडून एकदम पलीकडे उठलेला ठिपका. पहिल्याचा उपाय गोठ्याची फवारणी, उकिरड्याची स्वच्छता, आजारी जनावर निराळें बांधणें व भोंवतालची टोचणी. दुसऱ्याचा उपाय बाजाराच्या पावतीवर आणि गाडीच्या फेऱ्यांवर लक्ष. रोग लांब पायानें आला असतां आपण केवळ माशाच मारीत बसलों, तर श्रमही जातील आणि गुरेंही जातील.

नकाशाचें हें सामर्थ्य जगाला १८५४ सालीं लंडनच्या पटकीनें शिकवलें. डॉक्टर जॉन स्नो यांनीं घरोघरचे मृत्यू नकाशावर मांडले, तेव्हां ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोंवतीं गोळा झालेले दिसले. पटकीचा जंतु त्यांनीं पाहिला नव्हता. पण कोठें व केव्हां एवढें कळल्यावर कशानें हें सांपडलें. आमच्या देशांतही गुरांच्या बाबतींत हा विचार जुना आहे. १८७१ सालीं सरकारी कमिशननें हिंदुस्थानांतील गुरांच्या सांथींचा अहवाल दिला. १८८९ सालीं पुण्यास जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघाली व १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वर येथें नेली. त्या काळचा मोठा वैरी म्हणजे बुळकांडी. हीच बुळकांडी १८८७ च्या सुमारास आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरली, आणि दहा वर्षांत बैलगाड्यांच्या वाटेवाटेनें त्या खंडाच्या दक्षिण टोंकास पोहोंचली. आमच्याकडे १९५४ पासून तिच्यावर देशभर टोचणी चालली. रोग पुष्कळ हटला, पण कित्येक दशकें निर्मूळ झाला नाहीं, कारण सरसकट टोचणींतही कोपरे सुटतात आणि त्या कोपऱ्यांतून तो पुन्हां बाहेर पडतो. १९९२ पासून देशाचे रोगाच्या स्थितीप्रमाणें विभाग पाडून, तो कोठें दडला आहे याचा गांवोगांव शोध सुरू झाला. १९९५ सालीं शेवटचें जनावर आढळलें. २००६ सालीं भारत बुळकांडीमुक्त ठरला, आणि २०११ सालीं सर्व जग. देवीनंतर पृथ्वीवरून समूळ गेलेला हा दुसराच रोग होय.

परंतु नकाशा खोटाही बोलतो, हें विसरतां कामा नये. ज्या गांवावर सर्वांत अधिक ठिपके, तेथें रोग सर्वांत अधिक असेलच असें नाहीं. कदाचित् तेथील डॉक्टर सर्वांत कष्टाळू असेल. आणि जें गांव कोरें, तें निरोगी आहे कीं मुकें आहे? "आमच्या गांवीं आज आजारी जनावर शून्य" अशी खबर येणें निराळें, आणि कांहींच खबर न येणें निराळें. पहिलें ज्ञान आहे, दुसरें अज्ञान. पण नकाशावर दोहोंचा रंग एकच, पांढरा. शिवाय दहा आजारी गुरें हा आंकडा वीस गुरांच्या पाड्यांत एक अर्थ सांगतो आणि दोन हजार गुरांच्या गांवांत दुसरा. म्हणून गांवांतील एकंदर गुरांची गणना हाताशीं नसेल, तर ठिपक्यांची रांगोळी काढून कांहीं निष्पन्न होणार नाहीं.

बंगळूर येथील राष्ट्रीय संस्था पशुरोगांची जिल्हावार पूर्वसूचना आगाऊ देते. काम उत्तम आहे. पण खाप्याच्या मालकास नागपूर जिल्ह्याचा रंग कळून काय उपयोग? त्यास शेजारचें गांव कळलें पाहिजे. गुरांच्या कानांत बारा आंकडी बिल्ला मारण्याचें कामही चाललें आहे. प्रत्येक खरेदीविक्री त्या आंकड्यासह नोंदली गेली, तर लांब पायाची वाट पावलोंपावलीं दिसेल. नोंदली गेली नाहीं, तर बैल कन्हानच्या पार जाऊन वर्ष झालें तरी बिल्ला जुन्याच मालकाचें नांव सांगत राहतो.

कायदा आहे. २००९ च्या पशुरोग प्रतिबंध कायद्यानें आजारी जनावराची खबर देण्याचें कर्तव्य मालकावरच टाकलें आहे. पण केवळ धाकानें हें होईल असें ज्यास वाटतें, त्यानें १८९७ चा पुण्याचा प्लेग आठवावा. घरांत शिरून झडत्या घेण्याची रीत सुरू झाली, तेव्हां लोकांनीं रोगी लपविले. आणि लपविलेला रोगी कोणत्याच नोंदींत येत नाहीं. गोठ्याचीही तीच गत. कोणी म्हणेल, नकाशा चव्हाट्यावर टांगला तर गांव बदनाम होईल. आमचा उलट प्रश्न असा कीं, नकाशा नसतो तेव्हां काय होतें? २०२२ सालीं सगळींच गांवें एकदम बदनाम झालीं, निरोगीही त्यांत आलीं. खबर देणाऱ्याचें नांव छापूं नये, गांव व संख्या तेवढी छापावी. आणि नुकसानभरपाई इतकी लवकर द्यावी कीं लपविण्यापेक्षां सांगणें स्वस्त पडावें.

पोळ्याच्या सुमारास दरवर्षीं बैल एकत्र येतात, आणि डास-माशांचाही तोच ऋतु. २०२३ सालीं कांहीं जिल्ह्यांत बैल एकत्र आणण्यासच मनाई करावी लागली. तेव्हां पुढच्या पोळ्याच्या निदान महिनाभर आधीं खाप्याच्या नगरपालिकेनें आपल्या दारांत एक फळा लावावा. त्यावर आठवड्यास एकदां भोंवतालच्या प्रत्येक गांवापुढें आंकडा लिहावा, शून्य असेल तर शून्य. ज्या गांवाची खबर आली नाहीं त्यापुढें "खबर नाहीं" असें स्वच्छ लिहावें. गुरांच्या व्यापाऱ्यांनीं जनावर कोणत्या गांवाहून, कोणत्या तारखेस आणलें हें आपल्या वहींत, बिल्ल्याच्या आंकड्यासह, टिपून ठेवावें, आणि डॉक्टरांनीं मागतांच ती वही दाखवावी. सौंसरकडील दवाखान्याचा आंकडाही त्याच फळ्यावर यावा. त्यासाठीं दोन राज्यांच्या पत्रव्यवहाराची वाट पाहण्याचें कारण नाहीं, आठवड्याचा एक टेलिफोन पुरे आहे.