धक्का, जेटी आणि गोदी

भाऊच्या धक्क्यावर ओहोटीला उतरणाऱ्याला पहिली गाठ पडते ती शेवाळलेल्या पायऱ्यांशी. भरतीला पाण्याखाली गेलेल्या या पायऱ्या ओहोटीत उघड्या पडतात आणि खलाशी हात देतो तेव्हाच पाऊल टाकायचं धाडस होतं. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो. सगळी बांधकामं त्याचाच विचार करून होतात.

धक्का म्हणजे किनाऱ्यालगतची भक्कम भिंत; होडी तिला आडवी लागते. किनारा उथळ असला की ते जमत नाही. मग खांबांवर उभी जेटी खोल पाण्यापर्यंत नेतात, आणि खांबांमधून लाटा, गाळ मोकळे वाहतात. तरंगता तराफा मला सर्वांत माणुसकीचा वाटतो. तो पाण्याबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसालाही बोटीत सहज चढता येतं.

गोदी वेगळीच. तिथे पाणीच बंदिस्त असतं. सुक्या गोदीत जहाज आत घेऊन दार लावतात, पाणी काढतात आणि तळ दुरुस्त करतात. मुंबईत लवजी नसरवानजी वाडियांनी अशी गोदी 1750 मध्ये बांधली.