कट्ट्यातले फोन

सहा वाजायचे आहेत. बुलढाण्याच्या कडेला, घाट उतरायच्या अलीकडच्या मैदानावर अजून धड उजाडलेलं नाही. भरतीवाली पोरं-पोरी स्वेटर काढून लिंबाखाली टाकताहेत. शेजारी सोयाबीनचा रिकामा कट्टा. धावण्याआधी ज्यानं त्यानं आपला फोन त्यात ठेवायचा. एक जण ठेवता ठेवता स्क्रीन पुन्हा उजळून बघतो.

"काहून बे, रातभर पाह्यला तरी पुरला नाही काय?" सर विचारतात. तो हसतो. डोळे लाल.

मुलं सोळाशे मीटरला सुटतात. पोलीस भरतीत मैदानीचे ५० गुण, त्यातले २० या एका धावण्याचे. पूर्ण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. तिसऱ्या फेरीत रात्रीचं जागरण पायांत उतरतं. लाल डोळ्यांचा पोर मागे पडतो, कूस दाबून चालायला लागतो. सर ओरडत नाहीत, नुसतं स्टॉपवॉच दाखवतात. मोबाईलवर भाषणं देणारे पुष्कळ भेटतात. सेकंद दाखवणारा हा पहिलाच.

मग सगळे मातीतच मांडी घालतात. आनापान. काहींनी शाळेत 'मित्र उपक्रमा'त केलेलं आहे. नाकपुडीशी श्वास येतो-जातो तेवढा बघायचा. लांबवायचा नाही, मोजायचा नाही, नामस्मरणही नाही. सुरुवातीला सोपं जातं, कारण धावून आलेल्याचा श्वास भात्यासारखा वाजत असतो. छाती शांत झाली की खरी पंचाईत. आता बघायला फारसं काही उरत नाही, आणि नेमका तेव्हाच एकाचा हात ट्रॅकपँटच्या खिशाकडे जातो. खिसा रिकामा. थोड्या वेळानं पुन्हा.

"सर, वाजल्यासारखं वाटते."

"वाटू दे. नाकाशी ये."

पलीकडची पोरगी डोळे किलकिले करून कट्टा जागेवर आहे ना ते बघते, आणि पटकन मिटते.

फोन बाजूला ठेवायचे प्रयोग इतरत्रही झाले. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात झाली. गाव एकत्र असलं की ते जमतं. इथली पोरं खेड्यांतून येऊन शहरात खोल्या करून राहतात, आणि त्यांचा क्लास, नोट्स, सराव परीक्षा सगळं त्या फोनमध्येच. व्यसन आणि अभ्यास एकाच काचेवर. फेकून द्यायची सोय नाही.

सर कट्टा उघडतात. फोन हाती पडताच माना खाली. सातला चालू घडामोडींची टेस्ट आहे म्हणे. लाल डोळ्यांचा पोर तिथंच लिंबाला टेकून लिंक उघडतो. सर त्याच्या शेजारी येऊन बसतात, गळ्यातलं स्टॉपवॉच शून्यावर आणतात.

"किती मिनिटांची?"

"वीस, सर."

"लाव. मधात रील आली तं फोन कट्ट्यात."